कोंडा

त्या हिवाळ्यात माझ्या दुकानातून
एकोणीसशे बारा मतं गेली मुंबईला.
शनिवारी रात्री नऊ ते अकरा,
ज्याला टाइप करता येत नाही त्याचा फोन मीच घ्यायचो :
यामिनी डोंगरवार, स्पर्धक क्रमांक सात,
पाठव. पुन्हा पाठव.
त्यातले तीनशे चाळीस रुपये अजून उधार आहेत.
वहीत तिच्या नावाचं वेगळं पान आहे.

पडद्यावर ती जुनी गाणी म्हणायची,
हिरवी साडी, गजरा, हात जोडलेले.
परीक्षक डोळे पुसायचे. आम्हीही पुसायचो,
जाहिरात लागली की थांबायचो.
जिंकली तेव्हा फाट्यापासून ट्रॅक्टरवर आणली,
बोडीच्या पाळीवर फटाके फुटले,
दोन बदकं दोन दिवस सापडली नाहीत.

मग दीड वर्ष काहीच नाही.

परवा तिचा अल्बम आला. रॉक म्हणतात त्याला.
नऊ गाणी. नाव : कोंडा.
लांजेवार गुरुजी म्हणाले, डोक्यातला का?
फोटोत तिचे केस सगळे तोंडावर आलेले,
त्यामुळं कोणी हसलं नाही.

काउंटरवरच्या मोठ्या स्पीकरला लावलं.
पहिलं गाणं सुरू झालं तसा
पानठेल्यापुढचा कुत्रा उठून गेला.
'स्पीकर फाटला तुझा.'
'फाटला नाही जी, तसंच आहे ते.'
'मंग इतकी मतं कायले देल्ली आपन?'

टिकाराम उके, दंडारीत तीस वर्षं बायकी पार्ट करणारा,
खर्रा घोटता घोटता थांबला.
चार गाणी ऐकली, थुंकून आला, म्हणाला,
'गजरा कोनं काढला तिचा?'
मी म्हटलं, तिनंच काढला असेल.
'तं मंग ठीक आहे,' म्हणाला,
आणि उरलेला खर्रा माझ्याकडेच विसरून गेला.

नववीतली पोट्टी चौथं गाणं पुन्हा पुन्हा मागतात,
माश्या बसलेल्या बैलासारखी मान झटकतात.
रामटेक्यांची श्रावस्ती मात्र तिसरं घेऊन गेली,
एक कान चालणाऱ्या इअरफोनवर.
दुसऱ्या दिवशी विचारते, गिटार केवढ्याला येते?
मला काय ठाऊक. म्हटलं, पाच हजार.
ती म्हणाली, आणि जुनी?

संध्याकाळी पुस्तकलाबाई आल्या, यामिनीची आई,
रिचार्ज मारायला.
मी घाईनं बंद केलं.
'लाव ना जी. मलेही आयकू दे.'
सहावं चालू होतं. सुरुवातीला नुसती घरघर,
मग काहीतरी चिरकतं, ताणतं, पुन्हा चिरकतं,
आणि त्याच्यावर तिचा आवाज, अर्धा ओरडल्यासारखा.
पिशवी हातात तशीच धरून बाई उभ्या.
'हा आपल्या राइस मिलचा पट्टा आहे,' म्हणाल्या.
'सुटाच्या आंधी असाच बोंबलते.'

बारा वर्षं त्या मिलमध्ये त्यांनी सूप चालवलं,
कणी वेगळी, कोंडा वेगळा.
पोरगी शाळेतून यायची ती पोत्यांवर बसायची,
भुवया पांढऱ्या होईपर्यंत.
'गात राहे तिथं. तोंड हलताना दिसे.
मले एक अक्षर आयकू नाई आलं कधी.'
गाणं संपेपर्यंत थांबल्या.
मग म्हणाल्या, 'अठ्ठावीस दिवसवालाच मार.'
आणि सुटे पैसे मोजून घेतले.

मला आवडला, असं मी म्हणणार नाही.
सातवं तर ऐकवत नाही,
आठव्यात ती इंग्रजीत रागावते.
पण रात्री गिऱ्हाईक संपल्यावर
सहावं एकट्यानं लावलं, आवाज कमी करून,
मग थोडा वाढवून,
आणि शटर अर्धं खाली धरून उभा राहिलो,
पट्टा आता सुटेल, आता सुटेल,
म्हणत.